तीन तारकांनंतरची ओळ

रुख्साना, मंगळवार चालू आहे.

हे आधी सांगून टाकते, कारण फोन उचलल्यावर तू कधी "कशी आहेस" असं विचारलं नाहीस. "चालू आहे ना?" हा तुझा पहिला प्रश्न असायचा. मी हो म्हटलं की मग तुला माझा खोकला, माझी आई, माझं राहिलेलं जेवण, सगळं आठवायचं. तर हो, चालू आहे. परवा सकाळी, मंगळवारच्या तपासणीला, सातपुड्याच्या पायथ्याच्या दवाखान्यातून रमिला पावरा पडद्यावर आली. धुळ्यात बसलेल्या डॉक्टरांना ती दिसली, तिला डॉक्टर दिसले. तिने विचारलं, त्यांनी सांगितलं. दोन्ही बाजूंनी चाललं. 'दोन्ही बाजूंनी' हा हट्ट तुझाच, आणि या खेपेस तो मी पुरा केला. 'तुझ्याशिवाय केला' असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. का खरं नाही, तेच सांगायला बसले आहे.

तुझ्याबद्दल लोक आता भूतकाळात बोलायला लागले आहेत. मला अजून ते जमत नाही. माझ्या तोंडून "रुख्साना म्हणते" असंच निघतं आणि समोरचा माणूस जरा थांबतो. थांबू दे.

जळगावात आपण एकाच वर्गात कॉम्प्युटरचा कोर्स करत होतो ते दिवस आठवतात. मी धुळ्याहून एसटीने यायचे, तू सराफ बाजारामागच्या बोळातून चालत. खाली अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर तुझी खोली. सरांनी फळ्यावर दोन चौकोन काढले, मधे एक ढग काढला आणि म्हणाले, "इकडून निघालेली माहिती ढगातून तिकडे पोचते." तू हात वर केलास. "सर, ढगात काय असतं?" सर म्हणाले, "ते तुम्हाला कळायची गरज नाही." त्या दिवसापासून तुला फक्त ढगातलंच कळून घ्यायचं होतं.

काळ्या पडद्यावर ट्रेसरूट ही आज्ञा पहिल्यांदा चालवलीस तेव्हा मी शेजारी होते. एकेक ओळ उमटत गेली. वाटेत लागणारं प्रत्येक यंत्र आपला पत्ता सांगत होतं आणि तिथवर पोचायला किती वेळ लागला तेही सांगत होतं. तू मांडीवर थाप मारलीस. "अगं, ही तर तुझी एसटी आहे. प्रत्येक थांब्यावर कंडक्टर गावाचं नाव पुकारतोय." आणि तू तिथल्या तिथे त्या रूक्ष आकड्यांना नावं दिलीस: फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी. पुढे इतकी वर्षं आपण तसंच बोललो. "पारोळ्यापर्यंत ठीक आहे, एरंडोलला उशीर होतोय," असं मी फोनवर म्हणायचे आणि माझ्या ग्रंथालयातल्या मुलींना वाटायचं, बाईंचं कोणीतरी बसमध्ये अडकलंय.

नंतर मी देवपुरात संस्थेच्या नर्सिंग कॉलेजात ग्रंथपाल झाले. तू त्याच संस्थेच्या रुग्णालयाचं आणि दवाखान्यांचं नेटवर्क तुझ्या खोलीत बसून सांभाळू लागलीस. धुळ्याच्या टोकाला बसवायला तुला माणूस हवा होता, तो तू मला केलंस. मी नको नको म्हणत होते. "मी पुस्तकं वाचणारी बाई आहे, मला यातलं काही समजत नाही." तू म्हणालीस, "समजायचं नाहीये. वाचायचं आहे. वाचता येतं ना?"

तीच आपली पद्धत झाली. तू आज्ञा सांगायचीस, मी एकेक अक्षर टाईप करायचे आणि पडद्यावर जे येईल ते मोठ्याने वाचायचे. गाळायचं काही नाही, अर्थ लावायचा नाही. मी मधेच "बहुतेक लाईन तुटली असावी" असं म्हटलं की तू तोडायचीस, "बहुतेक कुठे लिहिलंय? वाच." मग मी वाचायचे, तू डोळे मिटून ऐकायचीस. डोळे मिटलेले मला दिसायचे नाहीत, पण कळायचं.

आपली भांडणं तीनच होती, पण ती कधी संपली नाहीत.

पहिलं नकाशाचं. मी संस्थेच्या नेटवर्कचा सुरेख नकाशा काढून ग्रंथालयात माझ्या टेबलामागे लावला होता. रुग्णालय निळ्या शाईत, दवाखाना हिरव्या, मधे पट्टीने आखलेली सरळ रेघ. तू धुळ्याला आलीस तेव्हा केळ्याचे वेफर्स खात त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिलीस. म्हणालीस, "छान आहे. पण हा तुला हवा असलेला रस्ता आहे. खरा रस्ता जाणाऱ्यालाच विचारावा लागतो."

दुसरं भांडण परतीचं. मी नेहमी धुळ्याहून बघायचे आणि म्हणायचे, रस्ता स्वच्छ आहे. तू म्हणायचीस, "हा जायचा रस्ता झाला. यायचा?" मी म्हणायचे, "तोच ना, उलटा." त्यावर तू मला अमळनेर काढून दाखवायचीस. कोर्सच्या दिवसांत एकदा मी जळगावहून परतीच्या एसटीत झोपून गेले. सकाळी पारोळ्यावरून आलेली गाडी संध्याकाळी तिकडूनच जाणार, हे मी धरून चाललेले. पण वाटेतला पूल बंद होता म्हणून ड्रायव्हरने गाडी अमळनेरवरून घातली. जाग आली तेव्हा बाहेर अनोळखी स्टँड, आणि मी घाबरून तुला फोन केला. तू विचारलंस, "गाडी चालू आहे ना?" मी म्हटलं, "हो." "मग रडतेस काय? धुळ्यालाच जातेय. फक्त तुझ्या रस्त्याने नाही." तेव्हापासून कुठेही अडकलो की तुझा एक शब्द ठरलेला होता: "अमळनेर बघ."

आणि तिसरं भांडण तारकांचं. ट्रेसरूटमध्ये एखादं यंत्र उत्तर देत नाही तेव्हा त्याच्या ओळीत पत्त्याऐवजी तीन तारका येतात. त्या दिसल्या की मी वाचायचं तिथेच थांबायचे. मी म्हणायचे, इथे तुटलंय. तू म्हणायचीस, पुढची ओळ वाच. पुढच्या ओळीत पत्ता असायचा. म्हणजे ते यंत्र गप्प होतं, पण आलेलं पुढे पाठवत होतं. "काही जणांना ओ द्यायची सवय नसते," तू म्हणायचीस. "काम करतात, बोलत नाहीत. तू नाहीस का तशी?" तुझ्या खोलीतला राऊटरही तू तसाच करून ठेवला होतास. मी विचारलं होतं, तुझं घर उत्तर का देत नाही? "रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ओ द्यायला माझं घर काय चहाची टपरी आहे? पुढे सोडते ना, बस." मी म्हटलं, हे उद्धटपणाचं आहे. तू हसलीस. ते भांडण तिथेच राहिलं.

जळगावच्या रुग्णालयात शेवटी भेटलो तेव्हा तू म्हणाली होतीस, "एक काम सरळ करायचं राहिलंय. घरी गेले की सांगते." मग सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या, त्यानंतर अम्मी डबा घेऊन आल्या आणि बोलणं डाळगंडोरीत मीठ कमी आहे यावर गेलं. तुझी राहिलेली कामं नेहमीच दहा असायची. त्यातलं कुठलं, ते मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. घरी जाणं झालं नाही.

तू गेल्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी दवाखाना पडद्यावर लागला नाही.

डॉक्टरांनी साध्या फोनवर वेळ मारून नेली, पण रमिलाच्या बाबतीत ते अस्वस्थ होते. तिच्या रक्तात जन्मापासून सिकलसेल आहे, आणि आता सातवा महिना. तिच्या पायाची सूज, डोळ्यांचा पिवळेपणा, बोलताना लागणारा दम, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं असतं, दर आठवड्याला. फोनवर तिला विचारलं तर ती "बरं आहे" म्हणते. ती नेहमीच बरं आहे म्हणते.

दुसऱ्या दिवशी नाना ग्रंथालयात आले. संस्थेचे सचिव, डाळमिलवाले, तुला 'इंजिनेर' म्हणणारे नाना. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि टोपी टेबलावर ठेवली, म्हणजे बोलणं अवघड होतं.

"विनयाताई, रुख्साना होती तोवर प्रश्न नव्हता. आता कोण बघणार? पुढच्या मंगळवारी लागलं तर ठीक. नाहीतर ही पडद्यावरची तपासणी बंद करू. पेशंट धुळ्याला येतील."

"रमिलाला सातवा महिना आहे, नाना."

"जीप लावून देऊ."

"जीप शिरपूरपर्यंत. पुढे?"

"पुढे एसटी. बाया येतात की."

"तुमच्या सुनेला पाठवाल का अशी?"

 नाना वाईट नाहीत, हे तुलाही माहीत आहे. टोपी उचलत म्हणाले, "म्हणून तर पुढचा मंगळवार दिला. तुम्ही बघा." तू असतीस तर ते तुला म्हणाले असते. या खेपेस मला म्हणाले.

मी बघितलं. धुळ्याहून ट्रेसरूट चालवला. आपल्या नावांनी सांगायचं तर नगाव आलं, सोनगीर आलं, नरडाणा आलं, शिरपूर आलं, आणि त्यानंतर तारका. तारका, तारका, तारका, पडदा संपेपर्यंत. पुढची ओळ वाच, तू म्हणायचीस. पुढच्या ओळीतही तारकाच होत्या. म्हणून मी ठरवलं की शिरपूरच्या पुढे तुटलंय, आणि लाईनवाल्यांच्या मागे लागले. त्यांचा माणूस दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा म्हणाला, "मॅडम, लाईन एकदम ओके." मला वाटलं, टाळतोय.

सोमवारी सकाळी मी दवाखान्यात सुनंदा सिस्टरना फोन लावला. त्या शिरपूरकडच्याच, बोलता बोलता कधी अहिराणीत शिरतील सांगता येत नाही.

"सिस्टर, तिकडे नेट आहे का?"

"शे ना. आत्ताच नातवाचा फोटो आला मोबाईलवर, दवाखान्याच्याच नेटवरून. दात आला त्याला. फक्त धुळं लागत नही."

मी टेबलामागे वळून नकाशाकडे बघितलं. हिरवी रेघ सरळ, सुरेख. लाईन चांगली, दवाखान्यात नेट चांगलं, आणि तरी धुळ्याहून हाक मारली की ओ नाही. त्या रेघेकडे बघताना मला अमळनेरचा स्टँड दिसला. इतके दिवस मी धुळ्याहूनच बघत होते. दुसऱ्या टोकाला तू नसल्यामुळे दुसरं टोक आहे, हेच विसरले होते.

"सिस्टर, तुम्हाला एक काम करावं लागेल. रुख्सानाने तिथे जी छोटी पेटी बसवली आहे, तिच्या पडद्यासमोर बसा."

"मॅडम, मी सुया टोचणारी बाई. ते काळ्या पडद्याचं माले काय समजस?"

"समजायचं नाहीये," मी म्हटलं. "वाचायचं आहे."

तुझे शब्द माझ्या तोंडून सहज निघाले. सिस्टर म्हणाल्या, "वाचता तं येस. सांगा."

आज्ञा आता मी सांगत होते. आधी ती आज्ञा सांगितली जिच्याने पेटीत येणारी-जाणारी प्रत्येक गोष्ट डोळ्यांसमोर दिसते. सिस्टर एकेक अक्षर बोटाने शोधून टाईप करत होत्या आणि स्पेस द्यायच्या जागी "जागा सोडली" असं मोठ्याने सांगत होत्या. मग मी धुळ्याहून पिंग सुरू केलं. पिंग म्हणजे नुसती हाक, पलीकडून ओ येते का ते बघायची.

"काही सरकतंय का?"

"सरकी राह्यनात, मॅडम. धडाधड. दोन-दोन ओळी."

"दोन कशा? वाचा."

त्यांनी वाचल्या. एक ओळ धुळ्याहून दवाखान्याकडे. दुसरी दवाखान्याहून धुळ्याकडे.

मी उभी राहिले. हाक पोचत होती. दवाखाना ओसुद्धा देत होता. शिरपूरच्या पुढे काहीही तुटलेलं नव्हतं, लाईनवाला बिचारा खरं बोलत होता. ओ निघत होती आणि वाटेत हरवत होती. जायचा रस्ता ठीक होता. यायचा रस्ता वेगळा होता.

"आता उलटं बघायचं, सिस्टर. तिकडून धुळ्याला ट्रेसरूट."

"फुल्या येऊन राहिल्या नुसत्या. पहिल्या ओळीपासूनच."

पहिल्या ओळीपासून. म्हणजे शिरपूरसुद्धा नाही. परतीची गाडी शिरपूरकडे वळतच नव्हती. तू काय विचारलं असतंस, हे मला आता शोधावं लागलं नाही. कुठल्या दाराने बाहेर पडतोय, ते विचार. त्याचीही आज्ञा आहे. धुळ्याचा पत्ता द्यायचा आणि पेटीला विचारायचं, इथे जायला तू कुठलं दार उघडशील? मी सांगितलं, सिस्टरनी टाईप केलं.

"काय लिहिलंय?"

"आकडे शेत. मग... जी. एच. ए. आर." त्यांनी अक्षरं जुळवली. "मॅडम, हे तं घर लिहेल शे. कोणाचं घर?"

 मी खाली बसले.

महामार्गाच्या खोदकामात शिरपूरची लाईन तुटली होती, आठवतं ना. आठवडाभर काही होणार नव्हतं, आणि तरी तो मंगळवार चालला होता. कसा चालला, हे मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "अमळनेरवरून." मी हसून सोडून दिलं. तू दवाखान्याच्या दुसऱ्या, शिरपूरवरून न जाणाऱ्या नेटमधून तुझ्या खोलीपर्यंत एक झाकलेली वाट काढली होतीस आणि तुझ्या खोलीतून धुळ्यापर्यंत. लाईन जोडली गेल्यावर धुळ्याहून जायचा रस्ता तू पुन्हा सरळ केलास. यायचा राहिला. हेच ते काम. त्यानंतर तू आजारी पडलीस. आणि इतके महिने रमिलाचा आवाज, तिचा चेहरा, त्या दवाखान्यातल्या प्रत्येकाचं "बरं आहे" तुझ्या खोलीतून धुळ्याला येत होतं. तू कॉटवर पडलेली असायचीस, आणि खिडकीजवळच्या पेटीतून आख्खा मंगळवार जात असायचा. तुला ते ठाऊक होतं. म्हणूनच तू सरळ करायची घाई केली नसावीस, असं मला वाटतं. विचारता येत नाही.

अब्बांना फोन लावला. दुकान अजून बंदच आहे, ते वरच होते.

"अब्बा, तिच्या खोलीत खिडकीजवळ एक चपटी काळी पेटी आहे."

"आहे, बेटा. बंद आहे. मीच बंद केली." मग म्हणाले, "चार हिरव्या बत्त्या लुकलुकायच्या. तिची अम्मी दारात उभी राहून त्याच बघायची. म्हणायची, ही गेली आणि हे अजून चालूच आहे. मला बघवेना. जन्मभर बंद पडलेलं चालू केलं मी. चालू असलेलं बंद केलं ते पहिल्यांदाच."

रुख्साना, तूच सांग. त्यांनी दुःखाने जे बंद केलं ते मी कामासाठी कसं चालू करायला सांगू?   तेवढ्यात फोन अम्मींनी घेतला.

"विनया, काय हवंय तुला? सांग."

मी सांगितलं. वाचल्यासारखं सांगितलं, काही न गाळता. सातपुड्याकडे एक बाई आहे, सातवा महिना, रक्ताचा आजार. दर मंगळवारी ती इथल्या डॉक्टरांशी बोलते. तिचं बोलणं रुख्सानाच्या खोलीतून येतं.

 अम्मी म्हणाल्या, "ही आजारी होती तेव्हापण?"

"तेव्हापण."

"म्हणून मला म्हणायची, अम्मी, सगळी बटणं बंद कर, ते एक सोडून. मला वाटायचं, मोबाईलचं असेल." पावलं ऐकू आली, दार उघडल्याचा आवाज आला. "हे आधी नाही का सांगायचं मला? दोघी सारख्याच. एकटीने करायचं आणि सांगायचं नाही." बटणाचा खटका झाला. "लाल आहे... नारिंगी... हां. एक हिरवी. दुसरी पण."

माझं पिंग चालूच होतं. पडद्यावर इतका वेळ 'उत्तर नाही, उत्तर नाही' येत होतं, आणि त्याच्याखाली एकदम एक ओळ उमटली. मग तिच्याखाली दुसरी. दवाखाना धुळ्याला ओ देत होता. ओळीखाली ओळ, एकही चुकत नव्हती.

माझ्या डोक्यावर 'शांतता राखा' ही पाटी आहे. मीच लावलेली. त्या दिवशी तो नियम मीच मोडला. टेबलावर थाप इतकी जोरात बसली की वाचत बसलेल्या मुलींनी मान वर केली, आणि फोनवर अम्मी विचारत होत्या, "काय पडलं?"

"काही नाही अम्मी. लागलं."

मंगळवारी नाना वेळेआधी येऊन माझ्या मागे उभे राहिले, परीक्षकासारखे. डॉक्टर बसले. पडद्यावर आधी सुनंदा सिस्टरांचं कपाळ आलं, मग छत, मग नीट रमिला.

"ऐकू येतंय का रमिला?"

"येतंय. दिसता पण." ती जरा पुढे झुकली. "तुम्ही चष्मा बदलला."

डॉक्टर हसले. मग त्यांनी तिला पाय दाखवायला सांगितले, डोळ्याची खालची पापणी ओढायला सांगितलं, ओट्यापर्यंत चालून येऊन बोलायला सांगितलं. सूज कालपेक्षा वाढली होती हे सिस्टरनी सांगितलं, आणि डॉक्टरांनी स्वतः बघितली. त्यांनी औषध बदललं, पुढची रक्ततपासणी शिरपूरलाच ठरवून दिली. रमिला म्हणाली, "बरं आहे मला." डॉक्टर म्हणाले, "बरं नाहीये. पण होईल." फोनवर हे झालं नसतं. साध्या फोनवर ती 'बरं आहे' म्हणून उठून गेली असती.

नाना बाहेर आल्यावर म्हणाले, "मी म्हटलंच होतं, लागेल."

"तुम्ही उलट म्हटलं होतं, नाना."

"तेच ते. चालू ठेवा मंगळवार." टोपी घालून जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. "आता बघणार कोण, ते कळलं मला. पण ताई, ती वाट त्यांच्या घरातून काढा. माणसं दुःखात आहेत, आपली लाईन कशाला तिथे."

बरोबर होतं त्यांचं. माझ्या नकाशालाही तेच हवं होतं. काल मी धुळ्याच्या कीबोर्डवर बसले, सिस्टर तिकडे बसल्या, आणि आम्ही दोघींनी यायचा रस्ता सरळ केला. दवाखान्याहून निघालेली ओ आता शिरपूर, नरडाणा, सोनगीर, नगाव करत सरळ येते. तुझं राहिलेलं काम झालं. तुझी झाकलेली वाट काढून टाकायची आज्ञा मी टाईप करून ठेवली. एक बटण दाबायचं होतं.

ते दाबण्याआधी अम्मींना विचारावंसं वाटलं.

"काढू का?" मी म्हटलं.

"नडतंय का तुमच्या कामाला?"

"नडत नाही. उलट सरळ रस्ता तुटला तर कामी येईल. पण बत्त्या चालू राहतील."

"राहू दे मग. पुसते मी रोज." मग म्हणाल्या, "तिचे अब्बा आता सकाळी उठल्यावर आधी तिकडे जातात. चारी हिरव्या आहेत म्हणतात, मग चहा घेतात. आज दुकानाची किल्ली पण मागितली."

मी टाईप केलेली ओळ पुसली. तुझी वाट राहिली. सरळ रस्ता पहिला, अमळनेर दुसरा. आपल्या भांडणात कोण जिंकलं, ते मला ठरवता येत नाही. नकाशावर मी तुझी खोली काढली, जळगावच्या बाजूला, न पुसणाऱ्या शाईत. रेघ थोडी वाकडी आली आहे.

मग दुसरा रस्ता खरंच चालतो का ते बघायला, दुपारी दवाखाना रिकामा असताना, सरळ रस्ता जरा वेळ बंद केला आणि धुळ्याहून ट्रेसरूट चालवला. मोठ्याने वाचत गेले, सवयीने. फोन कानाला नव्हता, तरी वाचलं. पहिली ओळ, आपलं रुग्णालय. दुसरी ओळ तुझ्या खोलीची. तू तिला ओ न द्यायला शिकवलं आहेस, आणि ते मी बदललेलं नाही. तिथे पत्ता आला नाही. तारका, तारका, तारका.

तिथे थांबले नाही. मी पुढची ओळ वाचली. दवाखाना.